परग्रहावरचे पात्र आणि 'उत्क्रांती' या शब्दाचा गुंता : पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भातील शाळकरी मुलामुलींच्या फॅन आर्टमध्ये, म्हणजे आवडत्या कथेतल्या पात्रांच्या चाहत्यांनी काढलेल्या चित्रांमध्ये, परग्रहावरच्या पात्राशेजारी आता अनेकदा आणखी एक लहान चित्र दिसते. त्यात त्या पात्राचा सांगाडा असतो किंवा त्याच्या पूर्वजांची रांग असते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांसाठी वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव करून घेणाऱ्या तासाला असे काही शिकवले जात नाही. ही सवय मोबाइलच्या पडद्यावरून आली आणि येताना 'उत्क्रांती' या शब्दाचा गुंताही घेऊन आली : पिढ्यानपिढ्या होणारा बदल आणि एकाच आयुष्यातला बदल या दोन्हींना तोच शब्द लावला जातो. चित्रांतल्या बऱ्याच चुका या गुंत्यातूनच निघत असल्याने या टिपणात त्याला इतर बाबींपेक्षा जास्त जागा दिली आहे.

न पाहिलेला प्राणी कल्पनेने घडवणे या भागाला नवे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथील देवळांच्या भिंतींवर व्याल, म्हणजे सिंहासारखे कल्पित प्राणी, आहेत, आणि सोंड हत्तीची, जबडा मगरीचा, शेपूट माशाचे असा मकर जुन्या मंदिरशिल्पात सर्वत्र आढळतो. ही सारी जोडणीची कला आहे. शिल्पकाराने ओळखीचे अवयव एकत्र आणले, पण त्या प्राण्याचे आईबाप कोण असा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. चतुर्भुज मूर्तींमधले जादा हात कुठे खांद्यापासून तर कुठे कोपरापासून फुटलेले दिसतात. तिथे हात सामर्थ्याचे चिन्ह असतो, त्यामुळे त्याला स्नायू कुठून मिळतो याची उठाठेव कोणी केली नाही.

पाश्चात्त्य चित्रांत वंशाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरला, पण चुकीच्या दाराने. १८९३ मध्ये एका इंग्रज लेखकाने दूरच्या भविष्यातला माणूस रंगवला, तो मोठ्या डोक्याचा आणि आक्रसलेल्या धडाचा होता. त्याच लेखकाचे १८९८ च्या पुस्तकातले मंगळवासी म्हणजे जवळपास नुसते डोके आणि त्याला फुटलेले लांब, सापासारखे हात होते. बुद्धी वाढत जाणार आणि शरीर झिजत जाणार, म्हणजे जीवसृष्टी एकाच शिडीने वर चढते, हे त्यामागचे गृहीतक होते. मोठे डोके, मोठे डोळे आणि काटकुळे हातपाय असा जो परग्रहवासी आज पाचवीतला मुलगाही न बघता काढतो, त्याच्यामागे हीच शिडी उभी आहे. पुढे दूरचित्रवाणीच्या काळात परग्रहवासी माणसासारखा राहिला, त्याचे कारण अधिक साधे होते : मुखवट्याच्या आत नट माणूसच असायचा आणि रंगभूषेच्या खर्चाला मर्यादा होती.

२००३ साली आलेल्या हिंदी चित्रपटातील उन्हावर शक्ती मिळवणारा निळा पाहुणा गावागावांत पोहोचला आणि आजही त्याची चित्रे निघतात. त्याच्या शरीराचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. वैशाखातल्या भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडते. पानाप्रमाणे त्यातला एक टक्का वापरता आला, तरी अर्धा-पाऊण चौरस मीटर उन्हात असलेल्या शरीराला जेमतेम पाच-सात वॅट मिळतील; स्वस्थ बसलेल्या माणसाला मात्र १०० वॅटच्या आसपास ऊर्जा लागते. ही तूट भरून काढायला त्याला खळ्यावर पसरलेल्या ताडपत्रीएवढा, सुमारे दहा चौरस मीटरचा पिसारा हवा, आणि रात्र धरली तर त्याच्या कितीतरी पट. असा पिसारा उघडून बसलेले पात्र कोणी काढल्यास ते मूळ पात्रासारखे दिसणार नाही, अशी तक्रार चाहते करतील. तरीही तेच चित्र अधिक पाहण्याजोगे होईल.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि बोटाने काचेवर चित्र काढणारी पिढी आली. तिने पाहिलेल्या मालिका आणि खेळ बहुतांशी जपानी वळणाचे होते. १९९६ साली तिकडे आलेल्या एका लोकप्रिय खेळात पाळीव राक्षस पुरेशा लढाया जिंकला की क्षणात मोठ्या रूपात बदलतो, आणि त्या बदलाला खेळातच 'इव्होल्यूशन' म्हटले आहे. मुले 'इव्हॉल्व्ह झाला' असे बोलू लागली आणि मराठीत लिहिताना पाठ्यपुस्तकातला शब्द उचलून चित्राखाली 'उत्क्रांती : टप्पा १, टप्पा २, टप्पा ३' असे लिहू लागली.

शब्द आधीच ओझ्याखाली होता. 'उत्' म्हणजे वर आणि 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, त्यामुळे वर चढण्याचा भाव त्याच्या पोटातच आहे. वेदान्तात उत्क्रांती म्हणजे जीवाने देह सोडून निघून जाणे, आणि ब्रह्मसूत्रांत शब्द त्याच अर्थाने येतो. पिढ्यानपिढ्या होणाऱ्या बदलासाठी मराठीने तो घेतला तेव्हा चढणीचा भाव सोबत आला, आणि आता एकाच प्राण्याच्या एका आयुष्यातल्या बदलाचाही भार त्याच्यावर पडला आहे. मूळ कथेत जो शब्द आहे तोच चाहत्याने पाळावा, हा युक्तिवाद केला जातो आणि नावांच्या बाबतीत तो मान्य करावा लागतो. शरीररचना रेखाटताना मात्र तो टिकत नाही, कारण एका आयुष्यात होणाऱ्या बदलासाठी 'रूपांतर' हा स्वच्छ शब्द मराठीत आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण गडचिरोली-भंडाऱ्याच्या रानात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर लोंबत असते. टसर रेशमाची अळी पाने ओरबाडून वाढते, कोसा म्हणजे रेशमी कोश विणते आणि आतून पतंग होऊन बाहेर पडते. त्या पतंगाला खाण्याजोगे तोंडच नसते, तो काही दिवस जगतो आणि प्रजनन करून मरतो. 'टप्पा ३' म्हणजे सर्वांत बलाढ्य, असे मानणाऱ्या चित्रकाराने या उपाशी पतंगाकडे जरूर पाहावे.

शब्द सुटा झाला की खरे काम सुरू होते. पाठीवर पंख आणि खांद्याला हात असलेले पात्र काढले, तर त्याला पाय धरून सहा अवयव होतात. पृथ्वीवर पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना चारच मिळाले, कारण सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्याकडे सरकलेल्या माशांच्या परांच्या दोन जोड्यांपासून ते बनले. पक्ष्याचा आणि वटवाघळाचा पंख हा हातच आहे. त्यामुळे सहा अवयवांचे पात्र एकटे असू शकत नाही. त्याच्या ग्रहावरची गाय, बेडूक आणि उंदीर हेही सहा अवयवांचे निघतील, किंवा त्यांतली एखादी जोडी झिजून गेल्याची खूण त्यांच्या सांगाड्यात राहील. खुरटलेले हाड दाखवणारी अशी एक रेघ पूर्वजांच्या दहा चित्रांइतके सांगून जाते.

पार्श्वभागी काय काढायचे, याबाबत चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा मार्गदर्शक ठरावे. तिथे डायनासोरांची हाडे सापडतात, आणि अश्मीभूत विष्ठाही. त्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण, म्हणजे गवताच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म खनिज कण, आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोर गेल्यावर बऱ्याच काळाने गवत आले, अशी तोवरची समजूत होती आणि चित्रकारांनी डायनासोरांच्या पायाखाली गवत काढणे टाळले होते. प्राण्याने काय खाल्ले हे ठरल्यावर त्याचे दात आणि पोट ठरते, आणि त्याच्या भोवतालची जमीनही. आपल्या इकडे मात्र पात्राचा डोळा आधी रंगवला जातो.

खरोखर होऊन गेलेल्या प्राण्याचेही चित्र चुकू शकते. कॅनडातल्या प्राचीन खडकांत सापडलेल्या एका लहान प्राण्याची रचना १९७७ साली मांडली गेली, तेव्हा पाठीवरचे काटे पाय समजले गेले आणि पाय पाठीवर गेले. चीनमधले जीवाश्म हाती आल्यावर १९९१ मध्ये तो उलटा करून पायांवर उभा केला गेला.

राहिला चाकांचा प्रश्न, जो इथे तान्हा पोळ्यामुळे हमखास निघतो. लाकडी बैल चाकांवर ओढत मोठी झालेली मुले परग्रहवासीयालाही चाके लावतात, आणि ते हास्यास्पद नाही. जिवाणूची शेपटी मुळाशी खरोखर फिरते. मोठ्या प्राण्यात अडचण अशी की सतत फिरणाऱ्या सांध्यातून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू नेले तर ते पिळवटून तुटतील. चाक नखासारखे किंवा शिंगासारखे, रक्ताशिवाय राहणारे मानले तर ही अडचण बरीच कमी होते, फक्त ते झिजल्यावर नवे कसे उगवते हे दाखवावे लागते. त्यानंतर उरते जमीन. चाकाचा प्राणी टिकायला कोट्यवधी वर्षे सपाट, कडक भुई हवी. पावसाळ्यातल्या इथल्या काळ्या मातीत बैलगाडीचे चाकही आसापर्यंत रुतते.