'दोशी'त दोष कुठला?

शाळेत हजेरी घेताना 'दोशी' हे आडनाव आलं की मागच्या बाकावरून 'निर्दोष!' अशी आरोळी यायचीच. मराठी कानाला दोशी आणि दोषी सारखेच ऐकू येतात. पण या आडनावाचा दोषाशी काडीचाही संबंध नाही. दोशी म्हणजे कापडवाला.

मूळ शब्द संस्कृतातला 'दूष्य'. अर्थ कापड, आणि त्यावरून तंबूसुद्धा. पालीत त्याचं 'दुस्स' झालं, प्राकृतात 'दूस'. कापड विकणारा तो 'दौष्यिक', प्राकृतात 'दोसिय', पुढे गुजरातीकडे येता येता 'दोसी'. शेवटच्या 'सी'चा 'शी' कसा झाला हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. आपणही एक म्हैस, दोन म्हशी म्हणतोच की! गंमत म्हणजे 'दूष्य'चा आणखी एक अर्थ संस्कृतातच आहे: दूषण देण्याजोगा. म्हणजे मागच्या बाकावरच्या विनोदाची सोय फार आधीच होऊन बसली होती.

अहमदाबादच्या जुन्या शहरात आजही 'दोशीवाडानी पोळ' नावाची वस्ती आहे. पण धंदा आणि नाव एकत्र दिसतात ते चितोडच्या कर्माशाह दोशीत. गुजरातमधल्या शत्रुंजय या जैन तीर्थाच्या डोंगरावरच्या आदिनाथ मंदिराचा १५३१ सालचा जीर्णोद्धार त्याच्या नावावर आहे. जैन परंपरा सांगते की गुजरातचा शाहजादा बहादूर घरातून बाहेर पडून चितोडला आला, तेव्हा या कापडवाल्याने त्याला पैशाची मदत केली. पुढे बहादूर सुलतान झाला आणि जीर्णोद्धाराला परवानगी मिळाली.

उत्तरेतला 'बजाज'ही कापडवालाच. तो अरबी 'बझ्झाझ'वरून, म्हणजे 'बझ्झ' विकणारा. बझ्झ म्हणजे कापड. 'बाजार'शी त्याचं नातं लावायचा मोह होतो, पण बाजार हा फारसी, वेगळाच शब्द.

महाराष्ट्रात दोशी आले ते गुजरातमधून, व्यापाराच्या वाटेने. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद हे दोशीच, पण आडनाव लावत नसत. त्यांनी जहाजं चालवली, विमानांचा कारखाना काढला. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी पुण्याचे, जन्म १९२७. त्यांच्या घरी धंदा होता फर्निचरचा.