देव मानला की भूतही मानावंच लागतं? अजिबात नाही

आमच्याकडे वेंगुर्ला-मालवणात अंधश्रद्धेचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं, "देव मानतोस ना, मग भूत पण मानायलाच हवं", आणि लहानपणापासून ऐकून ऐकून ते खरंच वाटायला लागतं, पण तसं काही नाहीये.

या वाक्यामागे समजूत अशी की देव आहे म्हणजे त्याच्या बरोबरीची वाईट शक्तीही असणारच, पण ही कल्पना सगळ्या धर्मांत नाहीच. हिब्रूत 'सातान', म्हणजे आपण म्हणतो तो सैतान, याचा अर्थ विरोधक, आरोप करणारा, आणि बायबलमधल्या इयोबच्या गोष्टीत तो देवाच्या परवानगीशिवाय इयोबला हातसुद्धा लावू शकत नाही. अद्वैतात तर ब्रह्माशिवाय दुसरं काही नाहीच, मग शत्रू आणणार कुठून?

आणि लांब कशाला, आरवलीचा वेतोबा बघा ना. भुतांचा राजा वेताळ म्हणतात तोच आपला राखणदार, त्याला चामड्याच्या चपला नि केळ्यांचे घड वाहतात, गाऱ्हाणं त्याच्याचसमोर घालतात, म्हणजे तो देवाच्या विरोधात नाही, तो देवच आहे. कोणाला भूत मानायचं तर मानू दे, पण ती वेगळी श्रद्धा झाली, देवासोबत फुकट येत नाही. या एका वाक्यापायी तापाने फणफणलेल्या पोराला डॉक्टरकडे न्यायचं सोडून लोक उतारे टाकत बसतात ना, ते बघून फार जीव तुटतो.