मोठा पाइप टाकण्याआधी

शहराच्या मध्यभागी मॅनहोल उसळू लागले की पहिली मागणी होते मोठ्या पाइपची. हिशेब मोहात पाडणारा आहे: उतार तोच ठेवून व्यास दुप्पट केला की वाहनक्षमता सुमारे सहापट होते. पण सांडपाणी उतारावर आपोआप वाहत असतं आणि वाहिनीचा तळही त्या वाहण्यानेच साफ राहतो. त्यासाठी दिवसातून एकदा तरी पाण्याने सेकंदाला साधारण ०.६ मीटर वेग गाठायला हवा. मोठ्या पाइपात तेवढंच पाणी उथळ पसरतं, वेग पडतो, वाळू आणि मैला तिथेच बसतो. जुन्या विटांच्या मलवाहिन्या अंड्याच्या आकाराच्या, निमुळतं टोक खाली ठेवून बांधल्या जात, ते याच कारणाने. पाणी कमी असलं तरी अरुंद तळात त्याची खोली आणि वेग टिकतो.

त्यामुळे आधी तुंबण्याचं कारण शोधावं लागतं. पाइप खरोखर अपुरा आहे, मोडला आहे, की त्यात नको ते पाणी शिरतंय? तिन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे.

जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने, गाळ काढून चाकांचा कॅमेरा आत सोडला की भेगा, सरकलेले सांधे, झाडांची मुळं, आत घुसलेल्या घरजोडण्या अंतरासकट नोंदवता येतात. पाणी किती वाहतं हे मात्र कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी प्रवाहमापक कोरड्या दिवसांत आणि पावसात, दोन्ही वेळा काही आठवडे बसवावे लागतात. रात्री दोन ते चारच्या दरम्यान वापर सर्वांत कमी असतो. हॉटेलं आणि रुग्णालयांचा वाटा वगळून जे उरतं ते बहुतेक भूजल. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात प्रवाह उसळला, तर गच्चीचे किंवा अंगणाचे पाइप थेट जोडलेले आहेत. तो हळूहळू वाढून पाऊस थांबल्यावरही काही दिवस टिकला, तर पाणी भेगांतून झिरपतंय. पहिल्या प्रकारात मॅनहोलमधून निरुपद्रवी धूर सोडतात. तो ज्या गच्चीच्या पाइपातून बाहेर येतो, ती जोडणी चुकीची. अशा जोडण्या पावसाळी गटाराकडे वळवणं हे रस्ता खोदून व्यास वाढवण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं, पण त्यासाठी घरोघरी जाऊन पटवावं लागतं, म्हणून ते मागे पडतं.

पाइप बदलायचाच ठरला, तर उतार गळ्याशी येतो. ०.६ मीटर वेगासाठी २०० मिलिमीटरच्या पाइपाला सुमारे ३०० मीटरमागे एक मीटर उतार लागतो, म्हणजे शंभर मीटरला ३३ सेंटिमीटर. खालच्या मुख्य वाहिनीची तळपातळी ठरलेली आणि वरून पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या वाहिन्या आडव्या गेलेल्या, तेव्हा एवढे सेंटिमीटरही मिळत नाहीत.

म्हणून जिथे पाइपाची क्षमता पुरेशी आहे पण अंग खराब झालंय, तिथे न खोदता आतून अस्तर लावतात. ही पद्धत १९७१ मध्ये लंडनमध्ये एरिक वुड यांनी पहिल्यांदा वापरली. रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर कडक होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवलेली फेल्टची (नमद्यासारख्या कापडाची) नळी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने पायमोज्यासारखी उलटी करत जुन्या पाइपात सारतात, मग गरम पाण्याने किंवा वाफेने घट्ट करतात. काचतंतूच्या नळ्या ओढून आत घेतात, फुगवतात आणि अतिनील दिव्यांच्या गाडीने कडक करतात. गाडी वेगाने ओढली तर रेझिन कच्चं राहतं, फार सावकाश ओढली तर अस्तर तापून बिघडतं. ३०० मिलिमीटरच्या पाइपात ६ मिलिमीटरचं अस्तर बसलं की व्यासामुळे क्षमता सुमारे दहा टक्के घटते. जुना खरखरीतपणा गेल्यामुळे ती बहुधा भरून निघते.

बिघाड ठरावीक जागी होतात. सांध्यातून पाण्याची धार येत असेल तर ती रेझिन धुऊन नेते, म्हणून ती आधी ग्राउटिंगने, म्हणजे भेगेत घट्ट होणारं मिश्रण दाबाने भरून, बंद करावी लागते. नळी पाइपापेक्षा मोठी निघाली तर तळाला सुरकुत्या पडतात आणि त्यांत कचरा अडकतो. पाइप मध्येच खचून पोट पडलं असेल, तर अस्तरही तोच आकार घेतं. तिथे खोदण्यावाचून इलाज नाही. सर्वांत महागाची चूक घरजोडणीची: अस्तराने सगळी तोंडं बंद होतात आणि ती रोबोटिक कटरने आतून उघडावी लागतात. कोणती जोडणी चालू आहे हे आधी रंगाच्या चाचणीने, म्हणजे घरातून रंगीत पाणी सोडून ते वाहिनीत येतं का हे पाहून, ठरवलं नसेल, तर राहून गेलेल्या घरात सांडपाणी उलटं येतं.

काँक्रीटच्या पाइपाचं अंग खराब होतं ते बहुतेक वरून. पाण्याखालच्या बुळबुळीत थरातले जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड तयार करतात. पंपिंग लाइनच्या तोंडाशी किंवा उंचावरून पाणी पडतं तिथे ते हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतं. ओल्या छताला चिकटून राहणारे दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात, आणि काँक्रीटचं जिप्समच्या लिबलिबीत लगद्यात रूपांतर होतं. हा वायू १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वर गेला की नाक वास घेणंच थांबवतं. म्हणजे दुर्गंधी आली नाही, यावरून मॅनहोल सुरक्षित ठरत नाही. वायुमापकाचं वाचन हाच पुरावा, आणि जे काम यंत्राने होतं त्यासाठी माणूस आत उतरवण्याचं काही कारण नाही.

काम चालू असताना सांडपाणी थांबत नाही, हे अंदाजपत्रकात हमखास कमी धरलं जातं. वरच्या मॅनहोलमध्ये फुगा बसवून पाणी पंपाने पुढच्या मॅनहोलमध्ये न्यावं लागतं. पंप सकाळच्या गर्दीच्या प्रवाहासाठी निवडतात, आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा तयार ठेवतात.

गळती बंद झाल्यावर आणखी एक गोष्ट घडते. फुटका पाइप वर्षानुवर्षं आजूबाजूचं भूजल वाहून नेत असतो. तो बंद केला की पातळी चढते आणि पूर्वी कोरडी असलेली तळघरं ओली होतात. तेच पाणी अस्तर न लावलेल्या घरजोडण्यांतून आणि मॅनहोलच्या भिंतींतून पुन्हा आत शिरतं, आणि रात्रीचा प्रवाह अपेक्षेइतका उतरत नाही. मुख्य पाइपासोबत मॅनहोल आणि घरजोडणीचा निदान रस्त्याखालचा भाग एकाच निविदेत घ्यावा, आणि काम सुरू होण्याआधीच परिसरात दोन-चार निरीक्षण विहिरी घेऊन भूजलपातळी नोंदवायला लागावं.