मरांगू की मचामे? किलिमांजारोच्या दोन वाटांमधला खरा फरक

मरांगू आणि मचामे ही टांझानियातली दोन गावं. दोन्ही किलिमांजारोच्या दक्षिण अंगाला, दोन्हीकडे चग्गा लोकांच्या केळीच्या बागा आणि कॉफीची झाडं. दोन्ही गावांवरून शिखराकडे एकेक वाट जाते आणि त्या वाटेला गावाचंच नाव आहे. नावं इतकी सारखी की फोनवर बोलताना समोरचा नेमकी कोणती वाट म्हणतोय हे कळत नाही.

गेल्या आठवड्यात माझा पुतण्या मोबाईलमध्ये दोन दरपत्रकं घेऊन आला. पोलीस भरतीसाठी तीन वर्षं पहाटे डांबरी रस्त्यावर धावलेला पोरगा. नोकरी लागली, थोडे पैसे जमले, आता डोंगर डोक्यात आहे. म्हणाला, "काकाजी, दोन्ही एकाच पाहाडावर जाते ना? मंग ज्यात पलंग हाय थेच घेतो. स्वस्त बी हाय."

मीही पहिल्या वेळी नेमकं हेच केलं होतं. माहिती देणाऱ्यानं 'सर्वांत सोपी वाट' म्हणून पाच दिवसांची मरांगू दिली, मी घेतली आणि शिखराच्या २०० मीटर खालून परत आलो. दुसऱ्यांदा सात दिवसांच्या मचामेनं गेलो आणि पोचलो. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलांनी एव्हरेस्ट गाठलं, तेव्हापासून आपल्याकडच्या पोरांना उंच डोंगर परका वाटत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आधी उंचीचा अंदाज. किलिमांजारोचं सर्वांत उंच टोक उहुरू, ५,८९५ मीटर. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. आपण परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला जातो तेव्हा साधारण ७०० मीटर वर येतो, आणि वैराटचं टोकही १,२०० मीटरच्या आतच आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. मरांगू आणि मचामे या दोन्ही वाटांची प्रवेशद्वारं साधारण १,८०० मीटरच्या आसपास आहेत. म्हणजे आपल्या राज्याची उंची जिथे संपते, त्याच्याही वर तिथली पायवाट सुरू होते.

मरांगू ही सर्वांत जुनी वाट. १८८९ मध्ये हान्स मेयर आणि लुडविग पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोचले ते याच बाजूनं. वाट रुंद, चढ सावकाश, आणि मुक्कामाला लाकडी घरं, त्यांत गादीचे दोनमजली पलंग. तिला कोका-कोला वाट म्हणतात, मचामेला व्हिस्की वाट. अर्थ असा की एक सौम्य, दुसरी कडक. सगळा घोटाळा या टोपणनावांनी केलाय असं माझं मत आहे. पायाखालच्या चढापुरती ही नावं बरोबर आहेत. पण या डोंगरावर पाय थकल्यामुळे परत फिरणारे थोडे. बहुतेकांना परत पाठवतं ते डोकं आणि पोट.

शिखरावर दर श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. शरीर त्याला जुळवून घेतं, पण त्यासाठी काही रात्री जाव्या लागतात. दिवसा किती चढलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात हे जास्त मोजायचं. म्हणून जाणती माणसं सांगतात, दिवसा वर जा आणि खाली येऊन झोपा. दोन वाटांमधला खरा फरक इथे आहे, पलंगात नाही.

मरांगूचे मुक्काम बघा. मंदारा साधारण २,७२०, होरोम्बो ३,७२०, किबो ४,७२०. रोज सरळ हजार मीटर वर, शिडीच्या पायऱ्यांसारखं. पाच दिवसांच्या बेतात तिसऱ्या दुपारी तुम्ही किबोला पोचता, जेवून चार तास पडता आणि मध्यरात्री शिखराकडे निघता. तीन दिवसांत चार हजार मीटर. होरोम्बोलाच माझं डोकं ठणकायला लागलं होतं, किबोला पोटात काही राहिना. त्या रात्रीची चढण ज्वालामुखीच्या राखेची आणि बारीक खड्यांची आहे. आपल्याकडे मुरमाच्या ढिगावर चढताना पाय जसा मागे घसरतो तसंच. पहाटे गिलमन्स पॉइंटला पोचलो, साधारण ५,६८५ मीटर. ज्वालामुखीच्या तोंडाची ती कड आहे, शिखर नव्हे. तिथून उहुरू अजून दीड-दोन तास. वाटाड्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं, दोन प्रश्न विचारले आणि खाली वळवलं. त्याचं बरोबर होतं. तिथपर्यंत पोचल्याचंही प्रमाणपत्र मिळतं, पण ते उहुरूचं नव्हे, आणि बुकिंग करताना हा फरक मला कोणी सांगितला नव्हता.

मचामेचं गणित वेगळं. पहिला मुक्काम साधारण २,८५० मीटरवर, दुसरा शिराच्या पठारावर ३,८४० ला. तिसऱ्या दिवशी वाट तुम्हाला लावा टॉवर नावाच्या काळ्या सुळक्यापाशी ४,६०० मीटरवर नेते, जेवायला थांबवते आणि पुन्हा खाली, बरांकोच्या दरीत ३,९६० ला झोपायला आणते. दिवसभर चालून उंचीत कमाई शंभर-सव्वाशे मीटरची. पहिल्यांदा हे बघणाऱ्याला वाटतं, मेहनत वाया गेली. पण शरीराला त्या दुपारी वरची हवा दाखवली गेलेली असते आणि रात्री दम घ्यायला खालची मिळते. सात दिवसांच्या बेतात चौथी रात्र करांगाला, म्हणजे पुन्हा चार हजारांच्याच आसपास. पाचव्या दिवशी बराफू, साधारण ४,६५० मीटर. बराफू म्हणजे स्वाहिलीत बर्फ. चहाला तिथे चाय म्हणतात आणि पोळीला चपाती. इतक्या लांब गेल्यावर हे शब्द कानावर पडले की जीवाला बरं वाटतं.

बराफूहून मध्यरात्री निघालं की कड लागते ती स्टेला पॉइंटला, ५,७५० मीटरच्या आसपास, आणि तिथून उहुरू तासाभरावर. शेवटच्या रात्रीची चढण दोन्हीकडे साधारण १,२०० मीटरचीच आहे. मचामेवर त्या रात्रीपर्यंत माझी भूक शाबूत होती, एवढाच फरक.

आता मचामेला काय मोजावं लागतं तेही सांगायला हवं. तंबूत, जमिनीवर झोपायचं. खालच्या जंगलात चिखल. बरांकोची भिंत हा सुमारे अडीचशे मीटरचा कडा हात टेकत चढायचा. दोर लागत नाही, पण चिखलदऱ्याला भीमकुंडावर उभं राहून खाली पाहिल्यावर ज्याचे पाय लटपटतात, त्यानं आधी विचार करावा. शिखरावरून उतरणं म्वेका नावाच्या वेगळ्या वाटेनं. शिखराच्या दिवशीच माणूस पावणेतीन-तीन हजार मीटर खाली येतो, आणि गुडघे त्याची आठवण महिनाभर ठेवतात. मरांगूवर आल्या वाटेनंच परत जायचं, रुंद आणि ओळखीच्या रस्त्यानं. कोणी आजारी पडलं तर किबोहून खाली चाकाच्या स्ट्रेचरवरून नेतात.

म्हणून माझा कौल असा. पाच दिवसांची मरांगू आपल्यासारख्या तीनशे-चारशे मीटरवर जन्म काढलेल्या माणसानं घेऊच नये, कितीही स्वस्त असली तरी. उद्यानाचं शुल्क दिवसावर आहे, त्यामुळे एक दिवस कमी म्हणजे खर्च कमी, आणि तो कमी केलेला दिवस तुमच्या शरीराचा असतो. सहा दिवसांची मरांगू मात्र वेगळी गोष्ट. तिच्यात होरोम्बोला दोन रात्री मिळतात आणि मधल्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत साधारण ४,००० मीटरला जाऊन परत येता येतं. सहा दिवसांची मचामे घेतली तर करांगाचा मुक्काम गळतो, बरांकोहून एका दमात बराफूला जावं लागतं आणि त्याच रात्री शिखर. त्यामुळे सहाच दिवस असतील तर दोन्ही वाटा जवळपास बरोबरीच्या आहेत. तिथे पलंग, गुडघे आणि पाऊस बघून ठरवावं, आणि पावसाचे दिवस असले तर मी मरांगूचं छप्पर घेईन. सात दिवस परवडत असतील तर मचामे.

भरतीच्या पोरांसाठी एक गोष्ट. सोळाशे मीटर तुम्ही किती मिनिटांत धावता याचा डोंगरावरच्या डोकेदुखीशी काही संबंध नाही. उलट दम चांगला असलेला पोरगा झपाझप चालतो आणि आधी पडतो. तिथले वाटाडे दिवसभर 'पोले पोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू. त्यांचं ऐका. वाटाड्याशिवाय तसंही वर सोडत नाहीत.

आणि आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचं: सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार. विदर्भात कितीतरी घरांत त्याचे वाहक आहेत, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच तो दोष आलेली माणसं. वाहकाला इथे सहसा आयुष्यभर काही त्रास होत नाही, म्हणून त्याला ते माहीतही नसतं. पण विरळ हवेत त्याच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून प्लीहेचा रक्तपुरवठा अडवू शकतात. डाव्या बरगडीखाली कळ येते आणि ती जीवावर बेतू शकते. सिकलसेलचा रुग्ण असलेल्यानं इतक्या उंचीवर जाऊ नये. वाहकानं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पैसे भरू नयेत. सोल्युबिलिटी ही रक्ताची पहिली तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती पॉझिटिव्ह आलीच तर वाहक की रुग्ण हे सांगणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. उंचीसाठी जी गोळी सांगतात, अॅसिटाझोलामाइड, तीही मित्राच्या खिशातली घेऊ नका. सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वेळेचं म्हणाल तर तिथला मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा नोव्हेंबरच्या सुमारास. जून ते ऑक्टोबर चांगला, पण तेव्हा आपली पेरणी, डवरणी आणि सोयाबीन. वावर असलेल्या माणसाला जानेवारी-फेब्रुवारीच जमतं.

पुतण्याला हे सगळं दुपारभर सांगितलं. दोन्ही दरपत्रकं त्यानं पुन्हा उघडली आणि पलंगाचे फोटो सोडून दिवस मोजले. सात दिवसांची मचामे, फेब्रुवारीत, तूर घरात आल्यावर, असं ठरवून उठला. अॅडव्हान्स अजून भरलेला नाही. सोमवारी अचलपूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला जातो म्हणाला, "रिपोर्ट आला का मंग पाहू."