माइनक्राफ्टमधली स्वयंपाकघरं लहान कशी झाली

माइनक्राफ्ट या ठोकळे रचून जग बांधायच्या व्हिडिओ खेळाने खेळाडूला स्वयंपाकघर असं कधी दिलंच नाही. शिजवायला फर्नेस (भट्टी) आहे, पण तो खाणीच्या तोंडाशी ठेवला काय किंवा डोंगरकड्यावर ठेवला काय, बटाटा भाजायला तेवढाच वेळ लागतो. 2016 साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स’ या ठोकळ्यांच्याच खेळात बंद भिंती, दार, दिवा आणि योग्य ते सामान जमलं की खेळ आपणहून ओळखतो, ही अमुक खोली. माइनक्राफ्टला तुमच्या भिंतींच्या आत काय चाललंय याची फिकीर नसते. त्यामुळे तिथलं स्वयंपाकघर लोकांनी भलत्याच कामासाठी आलेल्या वस्तू जोडून उभं केलं. आधी ते ऐसपैस होतं, आता तीन-चार ठोकळ्यांच्या कोपऱ्यात मावतं. हा बदल नुसत्या आवडीनिवडीचा आहे असं मला वाटत नाही. खरी गोष्ट मापाची आहे.

या खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. खेळाडू 1.8 मीटर उंच आणि 0.6 मीटर रुंद. आपल्या घरातला ओटा साधारण दोन फूट खोल असतो, इथे तो सव्वातीन फूट होतो. समोरासमोर दोन ओटे, मध्ये वावरायला एक ठोकळा आणि दोन्हीकडच्या भिंती धरल्या की पाच मीटर संपले. छोट्या स्वयंपाकघराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण या मापात बसवून पाहण्यासारखं आहे. 1926 साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं, ते साधारण 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होतं. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या भटारखान्याचा त्यांनी अभ्यास केला होता. कमीत कमी पावलांत काम उरकावं म्हणून तांदूळ-पिठासाठी अ‍ॅल्युमिनियमचे खणसुद्धा जागच्या जागी होते. सुमारे 10,000 घरांत ते बसवलं गेलं. माइनक्राफ्टमध्ये मात्र ते खऱ्या मापात बांधता येत नाही. दोन ठोकळ्यांच्या रुंदीत समोरासमोर दोन ओटे घातले की माणसाला उभं राहायला जागाच उरत नाही.

म्हणून मीटरपेक्षा लहान वस्तू खेळात कधी आणि कशा आल्या, यावर सगळं ठरत गेलं.

मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने मे 2009 मध्ये खेळाची पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली, तेव्हा त्यात खाणंपिणंच नव्हतं. वस्तू बनवायचं क्राफ्टिंग टेबल आणि फर्नेस 2010 च्या सुरुवातीला आले. पण तेव्हा पाव खाल्ला की थेट हार्ट, म्हणजे खेळाडूचा जीव दाखवणारी बदामं, भरायचे, एवढाच त्याचा उपयोग. भूक आली ती बीटा 1.8 या चाचणी आवृत्तीत, सप्टेंबर 2011 ला. धावलं, लढलं की पोट रिकामं व्हायचं, म्हणजे शिजवलेलं अन्न सतत जवळ लागायचं. मग फर्नेस आणि पेटी शेजारी ठेवण्याला अर्थ आला. त्याच नोव्हेंबरात पूर्ण आवृत्तीबरोबर कॉल्ड्रन आला आणि पाण्याने भरलेलं ते काळं भांडं लोकांनी बेधडक सिंक म्हणून बसवलं. पुढच्या वर्षी सापळा लावण्यासाठी आलेला ट्रिपवायर हुक भिंतीवर ठोकून त्याचा नळ केला. कुंपणाच्या खांबावर प्रेशर प्लेट (पाय पडला की दबणारी पातळ पाटी) ठेवून टेबल, पायरीच्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी पाट्या लावून हाताची खुर्ची. ही खुर्ची पाहून मला अजूनही हसू येतं. पाट्या सूचना लिहायला होत्या, पण त्या लिहिण्यापेक्षा हात टेकायलाच जास्त लागल्या असतील.

मार्च 2013 मध्ये क्वार्ट्झ हा पांढरा दगड आला आणि पांढरा, गुळगुळीत ओटा शक्य झाला. त्या काळातली स्वयंपाकघरं म्हणजे आलिशान बंगल्यांचे दिवाणखानेच जणू: पांढरी, लांबरुंद, मध्ये एक मोठा ओटा आणि कोपऱ्यात तो प्रसिद्ध फ्रिज. लोखंडाचा ठोकळा, लोखंडी दार, आत डिस्पेन्सर, म्हणजे वस्तू बाहेर फेकणारा ठोकळा. बटण दाबलं की दार उघडतं आणि भाजलेलं मांस अंगावर येऊन पडतं. चातुर्य वादातीत, पण ऊब शून्य. ज्यांना खरोखरीचा टोस्टर आणि ओव्हन हवा होता ते फर्निचरच्या मॉडकडे, म्हणजे खेळाडूंनीच बनवलेल्या जोडण्यांकडे वळले. बाकीच्यांनी मूळ खेळातच जुगाड चालू ठेवला, आणि पुढचा इतिहास त्यांचाच आहे.

या जुगाडाचा नायक ट्रॅपडोअर, म्हणजे झाकणासारखं उघडणारं आडवं दार. तो 2011 पासून खेळात आहे, जाडी ठोकळ्याच्या फक्त तीन-सोळांश, म्हणजे जेमतेम 19 सेंटीमीटर. सुरुवातीला त्याला कशाचा तरी आधार लागायचा. 2016 च्या 1.9 आवृत्तीत ती अट गेली, आणि जुलै 2018 च्या 1.13 आवृत्तीत प्रत्येक लाकडाचा वेगळा ट्रॅपडोअर आला. कपाटाची दारं, भिंतीवरची फळी, ओट्याची कड, खिडकीची झडप, सगळं त्यातून निघू लागलं. त्याच आवृत्तीपासून आयटम फ्रेम, म्हणजे वस्तू मांडायची चौकट, आडवी ठेवता येऊ लागली, म्हणजे टेबलावर पाव मांडता येऊ लागला. मीटरचं बंधन तिथे पहिल्यांदा सैल झालं.

एप्रिल 2019 ची 1.14 आवृत्ती गावांसाठी होती, पण स्वयंपाकघराला तिने सगळ्यात जास्त दिलं. स्मोकर फक्त अन्न शिजवतो, पण फर्नेसच्या दुप्पट वेगाने. कॅम्पफायरवर चार पदार्थ एकाच वेळी भाजतात, इंधन लागत नाही आणि धूरही निघतो, म्हणजे धुराडं बांधायला निमित्त मिळालं. छताला टांगता येणारा कंदील आला. मात्र माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं आलं ते बॅरल. पेटीच्या डोक्यावर भरीव ठोकळा ठेवला की तिचं झाकण उघडत नाही, त्यामुळे प्रत्येक पेटीवरची जागा वाया जायची. बॅरलला ती अडचण नाही. ओट्याखाली घाला, छताला भिडवा, एकावर एक रचा, ते उघडतंच. लहान जागेत साठवणीचा प्रश्न एका झटक्यात सुटला.

उजेडाचा प्रश्न उरला होता, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पूर्वी प्रकाशाची पातळी 7 किंवा त्याखाली गेली की तिथे झोंबी आणि क्रीपर हे खेळातले राक्षस उगवू शकत. मंद उजेडाची खोली म्हणजे स्वतःहून धोका, म्हणून लोक टॉर्च ठोकत सुटायचे किंवा कार्पेटखाली ग्लोस्टोन हा उजेड देणारा ठोकळा लपवायचे. जून 2021 मध्ये मेणबत्त्या आल्या. एका मेणबत्तीचा उजेड 3, चारांचा मिळून 12. मग त्याच नोव्हेंबरात 1.18 ने नियम बदलला: दिव्यांचा उजेड पूर्ण शून्य असेल तिथेच राक्षस उगवणार. फळीवर दोन मेणबत्त्या ठेवून कोपरा अंधुक सोडणं तेव्हापासून परवडू लागलं. हा बदल गुहांच्या सोयीसाठी झाला असेल, पण आजच्या उबदार स्वयंपाकघरांचा पिवळसर उजेड त्याच्याच जोरावर आहे.

काळही अनुकूल होता. 20 मार्च 2020 ला, जग घरात कोंडलं जात असताना, ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या व्हिडिओ खेळाचा नवा भाग आला आणि खेळात शांतपणे घर सजवत बसणं ही मोठ्या माणसांचीही करमणूक झाली. तशी ही हौस जुनीच. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत बाईचं सतराव्या शतकाच्या अखेरीचं बाहुलीघर आहे. त्यात रांधायचं स्वयंपाकघर वेगळं आणि चिनी मातीची भांडी मिरवायचं वेगळं. आपल्याकडची भातुकली निदान चुरमुरे वाढून खेळायची तरी असते. माइनक्राफ्टचं स्वयंपाकघर ओर्टमनबाईंच्या दुसऱ्या खोलीच्या जवळचं, मिरवायचं.

अलीकडे त्यातही फरक पडतोय. सप्टेंबर 2025 अखेरच्या आवृत्तीत खेळाने पहिल्यांदा खरीखुरी फळी दिली. तिच्यावर तीन वस्तू दिसतील अशा ठेवता येतात. रेडस्टोनने, म्हणजे या खेळातल्या विजेने, जोडलेल्या तीन फळ्या शेजारी लावल्या, तर खेळाडूच्या हाताशी असलेल्या नऊच्या नऊ वस्तू एका झटक्यात बदलता येतात. म्हणजे पाव, सूप, गाजरं भिंतीवर नुसती मांडलेली नाहीत, खाणीत निघताना ती तिथूनच उचलायची. खुर्चीवर मात्र अजून बसता येत नाही.