वाळपईची चव पुण्यात का लागत नाही?

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस गोव्यातल्या वाळपईहून आणलेली हुर्राकची, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूची, बाटली माझ्या एका मित्राने परतल्यावर चौथ्या दिवशी पुण्यात उघडली, दोन घोट घेतले आणि भाटीवाल्याने (दारू गाळणाऱ्याने) आपल्याला फसवले असे म्हणून ग्लास बाजूला सारला. ती बाटली भरली जात असताना मी त्याच्या शेजारीच उभा होतो. हुर्राक फार काळ टिकत नाही हे खरे. पण चार दिवसांत त्याचे पाणी होत नाही. जर्मनीहून बिअर आणि फ्रान्सहून वाइन घेऊन येणारेही हीच तक्रार करतात आणि दोष बाटलीला देतात. माझ्या मते बाटली बहुतेक वेळा निर्दोष असते, कारण आपण जिला चव म्हणतो ती पूर्णपणे बाटलीत नसतेच.

वाळपईजवळच्या त्या भाटीवर झाडाखाली गळून पडलेली काजूची बोंडे वेचून आणली होती. त्यांचा रस काढून आंबवतात आणि उकळून त्याची वाफ थंड करतात. पहिल्या धारेचे हे हुर्राक, त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की ४० टक्क्यांच्या वरची फेणी होते. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आम्हाला ग्लासात लिंबाचा सोडा, चिमूटभर मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची घालून हुर्राक दिले गेले. भाटीखाली लाकडे धुमसत होती आणि पिळलेल्या बोंडांचा चोथा उन्हात आंबत पडला होता.

जिभेला कळणाऱ्या मूळ चवी पाचच मानल्या जातात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मांसरसासारखी चव). (जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळते हा शाळेत शिकवला जाणारा नकाशा चुकीचा आहे, पाचही चवी जिभेवर सर्वत्र कळतात.) उरलेले काम नाकाचे असते. नाक चिमटीत घट्ट धरून वेलदोड्याचे दोन दाणे चावून पाहा: किंचित तिखटपणा जाणवेल, वेलदोडा मात्र जाणवणार नाही. चिमूट सोडून श्वास बाहेर टाकला की क्षणात वेलदोडा ‘तोंडात’ येतो. घोट गिळल्यानंतरच्या उच्छ्वासाबरोबर गंधाचे रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतात आणि मेंदू तो गंध तोंडातलाच समजतो.

या वाटेच्या पुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. नाकाच्या छतावरील चेतापेशींवर गंध ओळखणारी ग्राही प्रथिने असतात. त्यांच्या जनुकांचे कुटुंब रिचर्ड अॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ साली उजेडात आणले आणि २००४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. माणसात या ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार आहेत आणि प्रत्येक पेशीवर साधारणपणे एकच प्रकार असतो. एक रेणू अनेक ग्राहींना कमीअधिक चेतवतो. त्यामुळे काजूच्या बोंडाचा गंध, ज्यात एस्टर वर्गातील अनेक संयुगे असतात, मेंदूला एका सुराप्रमाणे न पोहोचता पेटीवर एकाच वेळी दाबलेल्या अनेक पट्ट्यांप्रमाणे पोहोचतो. हा नमुना गंधकंदातून (नाकाच्या वर असलेल्या मेंदूच्या भागातून) पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, म्हणजे गंध ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात, जातो. दृष्टी आणि श्रवण यांचे संदेश आधी थॅलॅमस या ठाण्यावर थांबतात. गंधाचा संदेश तसा न थांबता भावनेशी निगडित अमिग्डालापर्यंत थेट आणि स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसपर्यंत अगदी थोड्या टप्प्यांत पोहोचतो. पिरिफॉर्म कॉर्टेक्सच्या पेशी एकमेकींशीही दाट जोडलेल्या असतात. एकत्र चेतलेल्या पेशींमधील जोड बळकट होत जातात, त्यामुळे पुढे नमुन्याचा तुकडाच हाती आला तरी हे जाळे उरलेला भाग स्वतः भरून काढू शकते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २००९ मधील एका अभ्यासात असेही दिसले की एखाद्या वस्तूशी प्रथमच जोडल्या गेलेल्या गंधाची मेंदूतील खूण नंतर जोडलेल्या गंधापेक्षा वेगळी आणि ठसठशीत असते.

आता पुण्यातला ग्लास आठवा. बाटली फ्रीजमधून काढलेली होती आणि थंड द्रवातून गंधाचे रेणू कमी उडतात. धूर नव्हता, चोथ्याचा वास नव्हता, मिरचीही नव्हती. मेंदूने मूळ नमुना या सगळ्यांसह साठवला होता. परिसर आणि आठवण यांचे हे नाते इतर क्षेत्रांतही दिसते: १९७५ साली गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही किनाऱ्यावर पाठ करायला दिले, तेव्हा जिथे पाठ केले तिथेच ते अधिक आठवले.

मद्यार्काचा स्वतःचाही यात वाटा आहे. उष्णता आणि मिरचीचा दाह ओळखणारा टीआरपीव्ही१ हा ग्राही मद्यार्कामुळे अधिक संवेदनशील होतो आणि शरीराच्या तापमानालाच चेतू लागतो. म्हणून घोट थंड असला तरी घसा तापतो. फेणीने सर्दी ‘जळून जाते’ ही समजूत या उबेतूनच आली असावी, परंतु ती ऊब म्हणजे चेतापेशीचा संदेश आहे, विषाणूवरचा इलाज नव्हे, आणि लहान मुलांना चमचाभर फेणी देण्याची प्रथा तर सरळ घातक आहे. शिवाय मद्यार्क जास्त झाला की हिप्पोकॅम्पसचे नवी आठवण नोंदवण्याचे कामच मंदावते. प्रवासातली चव लक्षात राहते ती पहिल्या एकदोन घोटांमुळे. चौथा ग्लास तिच्यात भर घालत नाही, उलट ती पुसट करतो.

त्या बाटलीत उरलेले हुर्राक पुढच्या रविवारी आम्ही मुळशीकडच्या एका घरी नेले. ते बाहेरच ठेवले होते, मिरची चिरली होती आणि मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवलेली होती. हा काटेकोर प्रयोग नव्हता आणि त्यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. मित्राने घोट घेतला, नाकाने श्वास सोडला आणि थोड्या वेळाने विचारले, भाटीच्या राखेजवळ एक पिवळा कुत्रा झोपला होता ना? कुत्रा खरोखरच होता. परतल्यापासून दोन आठवड्यांत त्याचा विषय आमच्यात एकदाही निघाला नव्हता.