पंख कोषात उगवत नाहीत

कुंडीतल्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली, तर पुसून टाकण्याआधी जरा वाकून बघा. शीट पान कुरतडत नाही. हे करडं-पांढरं, ओलसर चकाकणारं प्रकरण म्हणजे बहुधा लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. लिंबू, बेल आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून मादी या झाडांच्या कोवळ्या पानांवर जेमतेम १ मिलिमीटरचं फिकट पिवळं अंडं घालते. (सुरवंट म्हणायचं ते अंगावर केस असलेल्या अळीला, ही गुळगुळीत असते.)

अळी खाते आणि कात टाकते, एवढंच तिचं काम. चौथ्यांदा कात टाकली की शिटेचं सोंग संपतं आणि ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. आपल्याला त्यापासून काही अपाय नाही.

कात टाकायचा हुकूम एक्डायसोन या संप्रेरकाचा. पण कातीखालून काय निघणार, हे दुसरं संप्रेरक ठरवतं. बालसंप्रेरक भरपूर असेल तर पुन्हा अळीच. शेवटच्या टप्प्यात ते ओसरतं, आणि मगच कोषाची वेळ येते.

अळी कोषात विरघळते आणि त्या रसातून नवं फुलपाखरू घडतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अळीचे स्नायू आणि आतड्याचा बराच भाग मोडतो, हे खरं. पण पंखांच्या पेशींच्या चकत्या अळीच्या छातीच्या दुसऱ्या व तिसऱ्या वलयात आधीपासूनच असतात आणि शेवटच्या टप्प्यात झपाट्यानं वाढतात. श्वासनलिका आणि मज्जासंस्थेचा गाभाही टिकतो. २०१३ साली जिवंत कोषांचे रोजच्या रोज सीटी स्कॅन काढले गेले, तेव्हा श्वासनलिका पहिल्याच दिवसापासून स्पष्ट दिसल्या. त्याआधी २००८ मध्ये तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर विजेचा सौम्य झटका दिला होता. शेवटच्या टप्प्यात हे शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यांतले बरेच तो वास टाळत होते!

कोष करण्याआधी अळी पातळ विष्ठा टाकून पोट रिकामं करते, जागा शोधत भटकते, शेपटाशी रेशमाची गादी विणते आणि कमरेभोवती धागा घेते. शेवटची कात गळाली की उरतो तोच कोष. तो तिनं अंगावर विणलेला नसतो, ती तिचीच नवी त्वचा असते. ताज्या कोषाच्या कडेला पंख, मिशा आणि सोंड यांचे ठसे स्पष्ट दिसतात. रेशमाच्या पतंगाचं निराळं: त्याची अळी आधी धाग्याचं घर विणते आणि खरा कोष त्याच्या आत असतो. मराठीत दोन्हींना कोषच म्हणतात, त्यामुळे हा घोळ कायमचा.

घरी अळी वाढवायची असेल तर बाजारातला कढीपत्ता देऊ नका. फवारणीचा अंश असला तर अळी तडफडून मरते. पानं रोज ताजी घाला, विष्ठा काढा, डबा दमट ठेवू नका, नाहीतर बुरशी धरते. मान आखडून निश्चल बसलेली अळी कात टाकायच्या बेतात असते, तिला उचलू नका.

उबदार हवेत साधारण ८ ते १० दिवसांत कोष गडद होऊन आतले पंख दिसू लागतात. थंडीत कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून फेकायची घाई नको. मात्र कोषाला बारीक गोल भोक दिसलं, तर आत वाढलेल्या परजीवी गांधीलमाश्या निघून गेलेल्या असतात.

बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख ओले, चुरगळलेले असतात. ते काहीतरी धरून लोंबकळतं आणि शरीरातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं. पंख काही मिनिटांत पसरतात, पण कडक व्हायला तास-दोन तास लागतात. डबा बुटका असेल किंवा धरायला खरखरीत काडी नसेल, तर पंख दुमडलेले तसेच वाळतात आणि ते फुलपाखरू कधीच उडत नाही.